तीन टोकांची सुई

नांदेडच्या आमच्या दवाखान्यात एंडोस्कोपीचे टेक्निशियन आहेत, देगलूरचे. दुर्बीण पोटात घालून लिव्हरचा तुकडा तपासणीला घ्यायचा असला, की कपाटातून सुई तेच काढतात. तिरक्या टोकाच्या साध्या सुईवर त्यांचा राग. "चुरा करती ती, म्याडम. ही तीन टोकाची घ्या, सलग आणती." तुकडा खरंच सलग आला, की तो सलाईनच्या बशीत सोडून ते दाराबाहेर जातात आणि बाकड्यावरच्या नातेवाइकांना दाखवतात, "बघा, दोऱ्यावानी आलाय." बाटलीत टाका लवकर, म्हणून मी आतून ओरडते. ते ऐकत नाहीत.

गेल्या महिन्यात टेबलावर पेशंट म्हणून तेच होते. सुई त्यांनी आधीच काढून ठेवली होती, तीन टोकांची.

"सोबत कोण आहे?" मी विचारलं.

"तुम्ही हायेत की समदे."

तुकडा निघाला. बशी घेऊन मी दाराबाहेर कधी गेले, माझं मलाच कळलं नाही. बाकडं रिकामं होतं.

गुंगी उतरताना त्यांनी विचारलं, "सलग आला का?"

"आला."

"मग दाखवला कुणाला?"