दोन कपाटं, पाच सृष्टी

अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात सजीवांच्या दोनऐवजी पाच सृष्टी आल्या, त्याच वर्षी मी नागपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तोवर तिथलं सगळं सोपं होतं. उगवणारं ते वनस्पतिशास्त्राच्या सरांचं, हलणारं ते प्राणिशास्त्राच्या बाईंचं. दोघांच्या प्रयोगशाळा समोरासमोर आणि मध्ये लांब व्हरांडा. दोघंही पन्नाशीचे, आपापल्या विषयात पक्के, पण एकमेकांशी बोलायचे ते शिपायामार्फत. कधी काळी एकाने दुसऱ्याचा सूक्ष्मदर्शक नेला होता आणि तो परत आला तेव्हा भिंगावर ओरखडा होता. कोणी कोणाचा नेला, याबद्दल दोघांच्या हकिकती वेगळ्या होत्या.

नव्या पुस्तकाने जिवाणूंना वेगळं घर दिलं, एकपेशीय जिवांना दुसरं, बुरशी आणि अळंबीला तिसरं. दोघांनीही लगेच हात झटकले.

"पुस्तकच म्हणते बुरशी वनस्पती नाही," सर मला म्हणाले. "मग मी काहून शिकवू?"

बाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "अवं, बुरशी चालते का फिरते? माझ्या कपाटात तिचं काय काम?"

मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही नवीन आहात. तुम्हीच घ्या."

असे ते सगळे बेवारस जीव माझ्या पदरात पडले.

शिकवायला माझी ना नव्हती. रडगाणं सुरू झालं ते प्रात्यक्षिकाला. मला मुलांना तीन पेशी शेजारी शेजारी दाखवायच्या होत्या. कांद्याच्या पापुद्र्याची, आपल्याच गालाच्या आतली, आणि दह्यातल्या जिवाणूची. आयोडीन सरांच्या कपाटात, निळा रंग बाईंच्या कपाटात, जास्त मोठं दाखवणारं भिंगही बाईंकडेच. दोन्ही कपाटांना कुलपं.

"माझा मायक्रोस्कोप त्या खोलीत जाणार नाही," सर म्हणाले.

"माझा त्या खोलीत गेला तर तू नोकरी सोडून दे," बाई म्हणाल्या.

शेवटी मी वर्गच पळवला. सरांच्या खोलीत कांदा पाहायचा, ओळीने व्हरांडा ओलांडायचा, बाईंच्या खोलीत गाल पाहायचा. जुलै महिना, व्हरांड्यात पावसाचं पाणी साचलेलं, पोरं घसरत होती. उमरेडहून येणारी एक मुलगी शेवटी वैतागली.

"मॅडम, काहून पळवून राहिल्या आम्हाले? इकडं येईपर्यंत तिकडचं विसरून जातो ना!"

तिचं खरंच होतं. वह्या तपासल्या तर निम्म्या वर्गाने गालाच्या पेशीला जाडजूड भिंत काढली होती आणि कांद्याला मुळी भिंतच नव्हती. एकाने तर दोन्हींची सरमिसळ करून एकच पेशी काढली होती, वर छान रंग भरून. त्या दिवशी रामदासपेठेतल्या घरी पोचेपर्यंत मी सायकलवर स्वतःशीच भांडत होते.

दुसऱ्या दिवशी मी आणि शिपायाने मिळून एक टेबल ओढत आणलं आणि व्हरांड्याच्या बरोबर मधोमध ठेवलं. उजेड तिथे चांगलाच होता. मग दोन्ही दारांत जाऊन मी तेच सांगितलं, "त्यांच्या खोलीत नाही न्यायचा. फक्त तुमच्या दाराबाहेर."

दोघांनी खूप विचार केला. दोघांनी परवानगी दिली, आणि दोघंही आपापल्या सूक्ष्मदर्शकाशेजारी पहारा देत उभे राहिले.

मी घरून डब्यात दही आणलं होतं. त्याचा थेंब पाण्यात पातळ करून काचेवर पसरला, सुकवला, स्पिरिटच्या दिव्यावरून फिरवला, रंगवला. कांदा आणि गाल पाहून झाले तशी ती काच बाईंच्या भिंगाखाली ठेवली. मुलं एकेक करून वाकू लागली. निळे बारीक दांडे दिसत होते.

"मॅडम, याच्यात केंद्रक कुठे आहे?" एका मुलाने विचारलं.

"नाही. तोच तर फरक आहे. आता नीट ऐका..."

"मग हे झाड आहे का प्राणी?"

मी तोंड उघडायच्या आत सर बोलले, "पेशीले भिंत आहे ना? मग झाडाकडचंच."

"भिंत माझ्या घरालेही आहे," बाई म्हणाल्या. "मी काय झाड आहे?"

पोरं खो खो हसली. सर लाल झाले.

"आणि पाहिल्याशिवाय काय सांगता? पहिले पाहा तरी!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या सरांशी थेट बोलल्या होत्या, बहुधा त्यांच्याही लक्षात आलं नसावं. सर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हळू फिरवा, भिंग काचेले टेकून जाईल!"

"मले शिकवू नका." मग थोड्या वेळाने, "केंद्रक खरंच नाही दिसून राहिलं."

मग बुरशीलाही भिंत असते, तिचं काय, यावरून जी जुंपली ती थांबेना. वर्गाचे दोन तट पडले. मी खडू हातात घेऊन उभी. तास संपत आला होता आणि मला एक वाक्य पूर्ण करता आलं नव्हतं.

"सर! बाई! मला शिकवू द्या ना!" मी ओरडलेच.

सगळी पोरं माझ्याकडे वळली.

"मग शिकव ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "आम्ही का तुले धरून ठेवलं आहे?"

आणि घंटा झाली.

सहामाहीला पेशींमधल्या फरकांचा प्रश्न आला. जवळजवळ सगळ्यांनी बरोबर लिहिला. भांडण कोणी विसरलं नव्हतं. एकाने लिहिलं होतं, "भिंत बाईंच्या घरालाही असते, म्हणून भिंतीवरून ठरवू नये." याला गुण द्यावे की कान धरावा, यात माझा चहा गार झाला.

निकालावर प्राचार्य खूश झाले. लगोलग सर आले, "बुरशी, अळंबी, ही कवकं तशी पहिल्यापासून आमचीच. पुढच्या वर्षी मी घेतो." मागोमाग बाई, "एकपेशीय माझ्याकडे दे वं, तुले काय समजतात ते!"

"आणि जिवाणू?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ते तुम्हीच ठेवा," सर म्हणाले, आणि बाईंनी मान डोलावली.

मग दोघं वेळापत्रक पुढ्यात घेऊन बसले आणि कोणाला किती तास यावरून वाद घालू लागले. माझं मत कोणी विचारलं नाही. मी पिशवी उचलली आणि घरी गेले.