पानमळ्याचा करार

करारनामा करायला आम्ही दोघी एसटीनं इंदापूरला गेलो होतो. निमगावात अक्का माझी शेजारीण, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. जमीन आणि विहीर तिची, मळ्याचं ज्ञान माझं, असं ठरलं होतं. माझं माहेर पानमळेवाल्यांचं. वेल कशी बांधायची, कधी खाली उतरवायची, हे लहानपणीच हातात बसलेलं. सासरी मात्र मुरमाड रान आणि पाण्याची बोंब. त्यामुळे अक्का जेव्हा म्हणाली, "आपण दोघी मिळून पानमळा लावू," तेव्हा मला वाटलं, आता जन्माची सोय झाली. पैशाची म्हणत नाही मी. जीव रमायची.

कचेरीसमोर संगणकावर कागद करून देणारा माणूस होता. नावं, गट नंबर, निम्मा-निम्मा हिस्सा, सगळं त्यानं भराभर घातलं आणि विचारलं, "उद्देश काय टाकू?"

"आता उद्देश काय," अक्का म्हणाली, "पानं लावायची न् इकायची."

"तो धंदा झाला मावशी. कशासाठी करताय ते लागतं. आमच्याकडं तयार मजकूर आहे, नफा मिळवणे. सगळ्यांना तोच टाकतो."

"मग तोच टाका की. लग्नपत्रिकेतबी सगळ्यास्नी सारखाच मजकूर असतोय, म्हणून काय संसार होत न्हाईत व्हय?"

तो हसला. मी अक्काच्या कानाशी जाऊन म्हणाले, "मळा कायम ठेवायचा, असं टाकायला सांग की."

"आगं, ते तर ठरलेलंच हाय. कागदात घातलं म्हंजी तुझा माझ्यावर इस्वास न्हाय, असं दिसंल."

अविश्वास दाखवल्यासारखं झालं म्हणून मलाच लाज वाटली. दोघींनी सह्या केल्या, स्टँडवर भजी खाल्ली आणि घरी आलो.

आधी सावलीसाठी शेवरी आणि पांगरा लावला. झाडं वर आली तशा वेली चढवल्या. वर्षातून एकदा वेल उतरवून तिचं वेटोळं मातीत पुरायचं, मग ती नव्या जोमानं वर जाते. हे काम घाईचं नाही आणि संपणारंही नाही. चपला बाहेर काढून आत गेलं की भर उन्हातही थंडगार वाटायचं. दुपारी गुडघ्याला गुडघा लावून आम्ही खुडलेली पानं टोपलीत रचायचो. अक्का विचारायची, "आता काय करायचं गं?" आणि मी सांगायची. घरात मला कुणी असं विचारत नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. मळ्यात मात्र मी गड्यांनाही सांगायची, ही वेल सैल बांधा, इथं पाणी जास्त झालंय. माझा आवाज मला तिथंच ऐकू यायचा.

अक्का रोज लेकाबद्दल बोलायची. तो बारामतीला शिकत होता. त्याची फी, त्याची खोली, त्याचं जेवण. मी हूं हूं करत पानं लावायची.

तो बारामतीतच कामाला लागला. त्यानंतर एकदा पानं रचता रचता ती म्हणाली, "आता बास करू गं. गुडघं ऱ्हायलं न्हाईत माझं. मळा मोडून ऊस लावू."

"अक्का, आपलं ठरलं होतं."

"काय ठरलं हुतं? पोरगं मार्गी लागंस्तवर करायचं, हेच की. तुला ठावं हाय."

ती फसवत नव्हती. तिला खरंच नवल वाटलं होतं. मला हे ठाऊक नाही, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. इतकी वर्षं एका टोपलीत पानं लावत होतो. तिचं काम संपत आलं होतं, माझं संपायचंच नव्हतं.

रविवारी तिचा लेक आला. "मावशी, कागदात नफाच लिहिलाय," तो समजावून म्हणाला. "उसाला कष्ट कमी, आईची तब्येत तुम्ही बघताय." त्याचंही खोटं नव्हतं. कुणाशी भांडावं, असं माणूसच सापडेना. अक्कानं माझा हिस्सा चोख दिला, वर साडी नेसवली.

मशीन आणून झाडं पाडली. झाडं आडवी झाली तरी वेली पुढं कितीतरी दिवस हिरव्याच होत्या. त्यांना अजून कळलं नव्हतं. मी थोडे तुकडे आणून आमच्या मोरीमागं लावले. सावली नाही, पाणी खारट. उन्हाळा लागला तसे ते वाळून गेले. तेव्हापासून मला कशाचीच ओढ वाटत नाही. सकाळी उठते, कारण उठावं लागतं.

ऊस लावायची वेळ आली तसं अक्कानं निरोप धाडला, "बाया कमी पडत्यात, ये." मी गेले. ज्या जागी वेटोळी पुरायची, तिथं इतर बायांबरोबर सरीत उसाची टिपरी दाबली. काय करायचं ते मुकादम सांगत होता. संध्याकाळी अक्कानं ओळीनं सगळ्यांच्या हातात हजेरीचे पैसे ठेवले, तसे माझ्याही ठेवले.

"उद्या जरा लवकर ये," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.