नकाशावरची पिन आणि आबांचं खाचर

चहा आधी संपवा, मग सांगतो. माझी ही फजिती ऐकताना मागे एकानं गरम चहा शर्टावर सांडून घेतला आणि वर मलाच बोल लावला.

तर मी आणि माझा मित्र इरफान, आम्ही दोघं मिळून वेबसाइट बनवतो. पौडला त्याच्या अब्बांचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे दोन खुर्च्या आणि एक टेबल. खाली कुणी पत्रे उतरवायला लागलं की आमची मीटिंग आपोआप बंद होते. इरफान कोडिंग करतो. मी गिऱ्हाइकांशी बोलतो, फोटो काढतो, मजकूर लिहितो. थोडक्यात, तो काम करतो आणि मी चुका करतो.

हा धंदा मी का काढला, खरं सांगू? जगाला सांगतो की मला पहिल्यापासून कॉम्प्युटरची ओढ होती. कसली ओढ आणि कसलं काय! मला भातलावणी टाळायची होती. आमचं घर मुळशीत, धरणाच्या अलीकडे, आणि घराला लागून दीड एकर भातखाचरं. जुलै आला की दिवसभर कमरेत वाकून चिखलात रोपं खोचायची. बरं, मला ती येतही नाही. सगळ्यांच्या ओळी सरळ जातात, माझी ओळ निम्म्यातून वळते आणि शेजाऱ्याच्या बांधाकडे निघते. आबा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी वरून एकच विचारायचे, "गण्या, रोपं लावतुयास का फेकतुयास?"

धंद्याला दोन वर्षं झाली तेव्हा आबांनी निकाल दिला. म्हणाले, "एक तरी येबसाईट अशी दाव, की तिच्यापायी कुणाच्या दारात खरी माणसं आली. ह्या लावणीपर्यंत मुदत. न्हाईतर लॅपटॉप पेटीत आन तू चिखलात."

आता आली का पंचाईत? तोवर आमच्या वेबसाइटमुळे कुणाच्या दारात कोण आलं होतं म्हणाल, तर पौडच्या एका सलूनवाल्याकडे मी स्वतः गेलो होतो, केस कापायला.

अशा वेळी शेजारच्या रिहे गावचे बापू भेटले. बापूंनी घरामागे चार खोल्या बांधल्या होत्या आणि शहरातल्या लोकांना शेतीचा अनुभव द्यायचं त्यांच्या मनात होतं. त्यातही भातलावणीचा. म्हणजे ज्याच्यापासून मी पळत होतो, त्याच्यासाठी लोक पैसे भरून येणार होते, आणि त्याची जाहिरात मी लिहिणार होतो. 'मातीशी नातं जोडा. चिखलाचा स्पर्श अनुभवा. गावच्या माणसांचा अस्सल जिव्हाळा मिळवा.' लिहिताना माझीच कंबर दुखायला लागली होती.

साइट झकास झाली. राहिलं होतं फक्त 'आमच्यापर्यंत कसे याल' हे पान. तिथे नकाशा टाकायचा, नकाशावर पिन टाकायची, की पाहुण्याचा फोन त्याला बोटाला धरून आणतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्या घरात नेटवर्क येत नाही. ते येतं खाचराच्या बांधावर, जांभळाच्या झाडाखाली, तेही दोन पावलांच्या जागेत. मी तिथे छत्री धरून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. बापूंच्या फाटकाची नेमकी जागा घ्यायची तर रिह्याला जायला हवं. म्हटलं, तूर्त नकाशा दिसतोय की नाही ते तर बघू, आणि 'मी आत्ता आहे ती जागा' या बटणावर बोट ठेवलं. पिन टपकन पडली. नंतर बदलू, म्हणालो.

ती बदलली गेली नाही. इरफानला वाटलं मी बदलली, मला वाटलं इरफाननं. मित्राबरोबर धंदा करणार असाल तर एवढं वाक्य पाठ करून ठेवा: मला वाटलं तू केलंस. आमचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे.

आठवड्याभरात बुकिंग आलं. हिंजवडीच्या एका कंपनीतली अठरा माणसं, शनिवारी सकाळी दहाला. बापूंनी अख्ख्या रिह्यात सांगितलं. मी घरी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "बघू. माजी बी त्याच दिवशी लावणी हाय." त्यांनी ताम्हिणीकडची मजुरांची टोळी ठरवली होती, तीही फोनवरच. मुकादमाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. अठरा-वीस माणसं गाडीनं येतील, दहाच्या सुमाराला, एवढंच ठरलं होतं.

तुम्ही हसायला लागलात. मला तेव्हा काही कळलं नव्हतं हो.

शनिवारी मी आणि इरफान सकाळीच रिह्याला हजर. बापू कडक टोपी घालून फाटकात उभे. त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, ओवाळायचं ताट केलेलं. चुलीवर कोंबडी, शेजारी तांदळाच्या भाकऱ्यांची चळत. एक छोटं खाचर चिखलणी करून ठेवलेलं, त्याला बापूंनी चक्क लाल रिबीन बांधली होती, पाहुण्यांनी कापायला.

दहा वाजले. साडेदहा वाजले. साडेअकराला वहिनींनी निरांजन तिसऱ्यांदा पेटवलं. पाहुण्यांचा फोन लागेना. फाटकासमोरून गावातला जो तो सहज म्हणून दोनदा जाऊन आला. बापू दर दहा मिनिटांनी विचारायचे, "येत्यात न्हवं?" त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं मला. मी आपला म्हणत होतो, पावसामुळे उशीर होतो बापू.

तेवढ्यात इरफानचा फोन वाजला. बापूंच्या पानावर कुणीतरी फोटो टाकला होता. खाली लिहिलेलं, 'कमाल जागा! कमाल काका!' फोटोत अठरा माणसं गुडघाभर चिखलात, हातात रोपांच्या मुठी, दात काढून हसतायत.

बापू फोटो बघून आनंदले. मग जरा निरखून म्हणाले, "आली म्हना की. पर कुटं आली ही?"

मी फोटो मोठा करून पाहिला. मागे बांधावर एक म्हातारा उभा होता, हात उगारलेला, तोंड उघडं. अंगात आमच्या कंपनीचा टी-शर्ट. त्याचं असं आहे की हौसेनं आम्ही पन्नास टी-शर्ट छापले होते. दोन आम्ही घातले, उरलेले आबा शेतात वापरतात. त्या टी-शर्टावर छातीभर ठळक अक्षरांत लिहिलंय: 'आम्ही तुम्हाला योग्य ठिकाणी पोहोचवतो.'

इरफाननं माझ्याकडे पाहिलं. मी इरफानकडे पाहिलं. दोघंही एकदम म्हणालो, "मला वाटलं तू केलंस."

मोटरसायकलवरून तासभर भिजत मुळशीला पोचलो. बापूंना एवढंच सांगितलं होतं की पाहुणे रस्ता चुकलेत, तुम्ही जेवण घेऊन मागून या.

तिकडे काय झालं होतं ते आईनं नंतर सांगितलं. दहाला गाडी जांभळाखाली थांबली. अठरा माणसं उतरली. आबांनी विचारलं, भात लावायला आलात ना? सगळे एका सुरात हो म्हणाले. तुमचा मुकादम कोण, म्हणाले. अदिती नावाच्या एका मॅडमनी हात वर केला आणि सांगितलं की टीम मी बघते. आबा आईला म्हणाले, बाई मुकादम हाय, काम नीट हुईल.

आईला मात्र शंका आली होती. रंगीबेरंगी रेनकोट, पायात महागडे बूट, आणि एकानं तर वेलकम ड्रिंक कुठे मिळेल असं विचारलं. आबांनी त्याला माठ दाखवला. आई हळूच म्हणाली, "आवं, ह्यांच्या हातांना घट्टं न्हाईत."

"नवी पोरं असत्याल," आबा म्हणाले. "आन रेनकोटाचं काय घिऊन बसलीस? आजकाल मजूर आपल्यापरीस भारी कापडं घालत्यात."

मी पोचलो तेव्हा एकराच्या वर लावणी झाली होती. आबा बांधावरून कडाडत होते. एका चष्मेवाल्याला, जो मला नंतर कळलं की पन्नास माणसांचा साहेब आहे, त्याला म्हणत होते, "आरं ए, रोप लावतुयास का फेकतुयास? ओळ बघ की!" आणि तो साहेब, तुम्हाला खोटं वाटेल, खूश होऊन 'सॉरी काका' म्हणत पुन्हा वाकत होता. जन्मात माझ्या ओळी सरळ आल्या नाहीत, त्याच्या तीन तासांत यायला लागल्या होत्या.

आता मी करू काय? आबांना खरं सांगावं तर लॅपटॉप पेटीत. पाहुण्यांना सांगावं की ही जागा नव्हेच, तर बापूंचं पहिलंच बुकिंग बोंबललं. मी दोन्हीकडे गप्प बसायचं ठरवलं. स्वच्छ बूट घालून बांधावर उभा राहिलो आणि दोन्ही बाजूंना मान डोलवत राहिलो.

एकच्या सुमाराला जांभळाखाली दुसरी गाडी थांबली. तिच्यातून पावसासाठी अंगावर पानांची इरली घेतलेली वीस माणसं उतरली. त्यांचा मुकादम आबांना म्हणाला, "घाटात दरड आलती, म्हनून उशीर झाला. पर तुमची लावणी तर झालीच की जवळजवळ."

आबांनी त्या वीस जणांकडे पाहिलं. मग चिखलातल्या अठरा जणांकडे पाहिलं.

"मंग ही कोन हायेत?"

अदिती मॅडम पुढे आल्या. "काका, आम्ही बुकिंग करून आलोय. पैसे भरून."

"चिखलात उतराया?"

"हो."

"आन मी सकाळपासनं शिव्या घालतुया, त्याचं?"

"ते पॅकेजमध्येच आहे ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो, आहे."

आबा बांधावर मटकन बसले. इतकी वर्षं माणसं मिळत नाहीत म्हणून त्यांनी दारोदार फिरून हातापाया पडून लावणी केलेली. असंही जग आहे, हे पचायला त्यांना वेळ लागला.

तेवढ्यात बापूंची गाडी आली. आधी बापू उतरले, मग वहिनी, आणि वहिनींच्या हातात ते ओवाळायचं ताट होतं. पदरानं निरांजन झाकून त्या रिह्याहून मुळशीपर्यंत आल्या होत्या. ते पाहिलं आणि माझा सगळा शहाणपणा गळून पडला. मला भयंकर लाज वाटली. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पिन मी टाकली, माझ्याच बांधावर बसून टाकली, बदलायला विसरलो. बापू, तुमचे पाहुणे मी माझ्या दारात आणले.

बापूंनी लावलेल्या खाचरावरून नजर फिरवली. मग म्हणाले, "माज्या दारात न्हाई आली. पर आली तर खरी." आणि वहिनींना म्हणाले, ओवाळ, निरांजन विझायच्या आत.

वहिनींनी अठराही जणांना चिखलासकट ओवाळलं. मग ताम्हिणीच्या टोळीनं राहिलेलं खाचर तासाभरात उरकलं आणि सगळे मिळून पडवीत कोंबडी-भाकरी जेवले. चष्मेवाला साहेब मुकादमाला माणसं कशी सांभाळता ते विचारत होता. तीन भाकऱ्या होईस्तोवर त्यांचं तेच चाललं होतं.

संध्याकाळी आबांनी निकाल दिला. "माणसं आली. खरी आली. तुजी येबसाईट चालती बाबा. लॅपटॉप ऱ्हाऊ दे भायेर."

जिंकलो की नाही मी? मलाही असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी पहिलं काम म्हणजे रिह्याला जाऊन, बापूंच्या फाटकात उभं राहून पिन टाकली. इरफानला समोर उभं करून दाखवली.

पण त्या अठरा जणांनी जे रिव्ह्यू लिहिले, त्यांनी घोळ केला. सगळ्यांनी पाच तारे दिले, आणि सगळ्यांनी लिहिलं की ओरडणारे काका हा या जागेचा आत्मा आहे. पुढच्या ग्रुपनं बुकिंग करतानाच विचारलं, काका असतील ना? आता बापूंकडे कोंबडी होती, निरांजन होतं, पण ओरडायला कुणी नव्हतं. बापूंचा स्वभाव इतका गरीब की ते बैलालाही अहो-जाहो करतील. शेवटी ते आबांना येऊन भेटले. दर शनिवार-रविवार आबा रिह्याला जाणार, असं ठरलं. आमचा तो टी-शर्ट घालून.

आबा मात्र एका गोष्टीवर अडून बसले. नुसतं तोंडानं सांगून लोकांना समजत नाही, कुणीतरी पुढं होऊन लावून दाखवाया पायजे.

त्या आठवड्यात साइट उघडली तर पहिल्याच पानावर माझा फोटो. खाली लिहिलेलं, 'मार्गदर्शक: गणेश. पिढीजात शेतकरी.' मी इरफानला फोन केला, हे कुणाला विचारून टाकलंस?

"आबांनी सांगितलं," इरफान म्हणाला. "मला वाटलं, तूच सांगायला लावलंस."

तर असं आहे. पूर्वी मी घरच्या दीड एकरात वर्षाला चार दिवस वाकायचो. यंदा पाच शनिवार-रविवार रिह्याच्या चिखलात काढले, मधल्या वारी घरच्या खाचरातलं तणही काढलं, आणि लॅपटॉपला हात लावायला सवड मिळाली नाही. सगळं बुकिंग फुल्ल, माझ्याच वेबसाइटमुळे.

परवा एक नवा रिव्ह्यू आला. आबा हल्ली फोन बघायला शिकलेत, त्यांनी तो बांधावर उभं राहून सगळ्या पाहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. चार तारे. जागा छान, जेवण छान, काका तर फारच छान. एक तारा कापला, कारण मार्गदर्शकाला लावणी येत नाही.