बसूचा खेळ कुणाचा?

इरफानचा फोन आला तेव्हा मी बँकेत पासबुकाच्या मशीनशी भांडत उभी होते. "आक्का, बसू गेला," तो म्हणाला. मी म्हटलं, "कुठं गेला? रविवारी खेळ हाय की!" पलीकडून त्यानं नाक ओढलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला... शाहूपुरीतल्या त्याच्या छापखान्यात कागद कापता कापता छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नाही गाढवानं. महिना उलटून गेला, पण माझा राग काही जात नाही. तो मेला याचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग त्यानं मागं ठेवलेल्या घोळाचा आहे.

बसवराज माझ्या धाकट्या भावाचा वर्गमित्र. घरात कन्नड, गल्लीत मराठी, आणि संतापला की दोन्ही एकदम. छापखान्याच्या मागच्या खोल्यांत त्याचं घर, आणि वर माळ्यावर आम्ही चार-पाच जण दर रविवारी खेळायला जमायचो. पत्ते नव्हेत, जुगार नव्हे. हे माझ्या सासूबाईंना पटवता पटवता माझी केसं पांढरी झाली. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि उडी जमली की पाय घसरला हे फासे ठरवतात. शिरोली एमआयडीसीत आठवडाभर लेथवर उभा राहणारा इरफान रविवारी घाटातला वाटाड्या व्हायचा. मी दरोडेखोरांची म्होरकी. हे काम तुला फार शोभतं, असं बसू म्हणायचा आणि मी त्याला फासा फेकून मारायचे.

या खेळाच्या नियमांचा सांगाडा परदेशातल्या एका मोठ्या कंपनीचा होता. तिनं परवाना देऊन तो सगळ्यांना मोकळा केलेला: घ्या, त्यावर आपला खेळ रचा, छापा, विका. बसूनं त्यावर आपल्या सह्याद्रीतला खेळ उभा केला, 'घाटवाट'. मग एक दिवस बातमी फुटली की कंपनी तो जुना परवाना बाद करायच्या विचारात आहे. नव्या परवान्यात, या नियमांवर मोठी कमाई करणाऱ्यांनी कंपनीला वाटा द्यायचा आणि वर त्यांचं लिखाण वापरायची कंपनीला मुभा. म्हणे जुन्या परवान्यात 'कायमचा' हा शब्द आहे, पण 'मागे घेता येणार नाही' असं कुठं लिहिलंय? तेवढ्या फटीतून वकील आत शिरले.

बसू असा पेटला म्हणता... तो कसबा बावड्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा. त्याच्या लहानपणी शेजाऱ्यानं बांधालगतच्या गाडीवाटेत चर खणला होता. ऊस तोडून पडलेला आणि कारखान्याला न्यायला वाटच नाही. वडिलांनी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट सिद्ध करून तो चर बुजवून घेतला, पण तोवर ऊस वाळून गेला होता. तो सगळा जुना राग आता माझ्या फोनवर उतरला. "वहिवाट हाय ती आक्का! बांध त्यांचा असंल, वाट त्यांची न्हाय! इतकी वर्षं माणसं चालल्यात, आणि आता चर मारतोय व्हय?" मी बँकेत नोकरीवर, काउंटरमागं, समोर गिऱ्हाइकांची ही रांग, आणि हा कानात ओरडतोय. पुढं जगभरातल्या खेळणाऱ्यांनी बोंब ठोकली, कंपनीनं माघार घेतली आणि नियम परत घेता येणार नाहीत असे मोकळे करून टाकले. आम्ही आनंदानं भजी आणली. बसूनं एक भजं तोंडात घातलं नाही. "ज्यानं एकदा चर काढला त्याच्या बांधावरनं मी परत जाणार न्हाय," म्हणाला आणि अख्खा खेळ पहिल्यापासून, आपल्या शब्दांत, आपल्या नियमांत लिहायला बसला.

लिहिला, स्वतःच छापला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "घ्या की, बदला की, कोण अडवतंय?" सांगलीच्या पोरांनी त्यात कृष्णेचा पूर आणला. निपाणीच्या पोरींनी तो कन्नडमध्ये नेला. ती पुस्तिका आली त्या दिवशी हा माणूस माळ्यावर अक्षरशः नाचला.

आणि आता काय झालं ऐका. पंधरवड्यामागं पुण्यातल्या एका कंपनीचा माणूस बसूच्या बायकोला, गिरिजाला भेटायला आला. खेळ नावासकट विकत घ्यायचाय म्हणाला. गिरिजा म्हणाली, "पण आमचं मालक म्हणायचं, ह्यो सगळ्यांचा हाय." त्यानं पुस्तकाचं पहिलं पान उघडून नम्रपणे तिच्यापुढं धरलं. सर्व हक्क राखीव. मी ती ओळ नंतर स्वतः वाचली आणि बसूच्या फोटोला तिथल्या तिथं शिव्या घातल्या. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर पहिल्या पानाचा एक तयार साचा आहे. कवितासंग्रह असो नाहीतर पतसंस्थेची स्मरणिका, ती ओळ आपोआप पडते. दुसऱ्याच्या कागदावर न लिहिलेल्या एका शब्दासाठी जग डोक्यावर घेणाऱ्या माणसानं आपल्याच पुस्तकावर लिहिलेली ओळ वाचली नव्हती! आता हक्क गिरिजाचे. तिनं विकला तर सांगली-निपाणीच्या पोरांना नोटिसा जातील. नाही विकला तर छापखान्याला काम उरलेलं नाही आणि पोरगी कॉलेजात आहे. मी जन्माची तोंडाळ, पण तिला काय सांगावं हे मला अजून सुचलेलं नाही.

गेल्या रविवारी आम्ही माळ्यावर नुसतेच बसलो होतो. तर गिरिजा जिना चढून आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "मला खेळायला शिकवा. काय इकायचं ते कळल्याबिगर मी सही करणार न्हाय." इरफाननं घाईघाईनं सतरंजी झटकली. गोष्ट सांगणाऱ्याच्या, म्हणजे बसूच्या जागेवर बसायला कुणी धजेना, शेवटी मी बसले. नवा माणूस खेळायला आला की बसू मिशीवरून हात फिरवत, गावच्या पाटलाच्या आवाजात एकच प्रश्न विचारायचा. मिशी कुठली आणायची... पण मी आवाज तेवढा काढला, "काय पावणं, कुठनं आलासा?"

गिरिजानं फासा उचलला, तळहातावर फिरवून बघितला.

"खालनंच आलोय," ती म्हणाली. "इतकी वर्षं चहा वर पाठवत हुतो. वर ये, असं कुणी म्हटलंच न्हाई."