डाव्या रकान्यातले शब्द

मराठी भाषेतले निम्मे शब्द घराबाहेर काढलेला माणूस उभ्या विरारमध्ये एकच होता, आणि तो नेमका आमच्या समोरच्या दारात राहायचा. मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना संपादक म्हणत. दारावर त्यांचं नावही होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. वाणीसुद्धा पिशवीवर ‘संपादक, तिसरा मजला’ एवढंच लिहायचा. मूळचे वसईच्या खाडीकाठचे. केळीची वाडी भावाच्या हवाली करून इकडे आले आणि दहा वर्षं चार पानांचं साप्ताहिक चालवलं. पुढे कागद महागला, बिल्डरांनी जाहिराती मोठ्या पेपरांकडे नेल्या आणि साप्ताहिकानं मान टाकली. मान टाकली हे मी म्हणते. त्यांनी शेवटच्या अंकात ‘साप्ताहिक थोडा आराम करीत आहे’ असं छापलं होतं, त्यामुळे दोन भाबड्या वर्गणीदारांनी पुढच्या वर्षाची वर्गणीही पाठवली, जी परत करताना संपादकांची फार ओढाताण झाली.

मग आलं इंटरनेट. केबलवाल्यानं तिसऱ्या मजल्यापर्यंत वायर ओढली, एक जुना कॉम्प्युटर आला, आणि संपादकांनी वसई-विरारच्या बातम्यांची वेबसाइट काढली. बातमी चढवली की तिच्या उजव्या बाजूच्या चौकोनात आपोआप जाहिरात उगवायची. कधी लग्न जुळवणाऱ्यांची, कधी फ्लॅटची, कधी केस दाट करणाऱ्या तेलाची. ती कोण पाठवतं, कुठून पाठवतं, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही, पण तिच्यावरच साइटचा संसार चालायचा. एकदा त्यांनी खुनाची बातमी टाकली आणि चौकोन पांढराफटक! दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या हळदीकुंकवाची टाकली, तर त्याच चौकोनात मोरपंखी पैठणी. त्या दिवशी संपादक जेवले नाहीत. जुना वैद्य जसा एकेक पाला चावून बघतो, तसं त्यांनी महिनाभर एकेक शब्द टाकून बघितला. कुठला शब्द घातला की जाहिरात पळते आणि कुठला काढला की परत येते, याची त्यांनी दोनशे पानी वही केली. डाव्या रकान्यात पळवून लावणारे शब्द, उजव्या रकान्यात त्यांच्या जागी घालायचे.

ती वही मी पाहिली आहे, कारण त्यांच्या बातम्यांचं शुद्धलेखन तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी शाळेत मराठी शिकवते. ‘बाई, तुमची नजर फिरली की मी निर्धास्त,’ असं ते म्हणायचे, आणि मीही फुशारून जायची. डावीकडे ‘चोरी’, उजवीकडे ‘वस्तूंचे स्थलांतर’. डावीकडे ‘आग’, उजवीकडे ‘तापमानात अचानक वाढ’. ‘दारू’ला ‘संध्याकाळचे पेय’, ‘मारामारी’ला ‘हातांच्या साहाय्याने झालेली चर्चा’. दोन ट्रक समोरासमोर आदळले त्याची बातमी ‘महामार्गावर दोन वाहनांची अनपेक्षित भेट’ अशी आली आणि तिच्या शेजारी, खरं सांगते, लग्न जुळवणाऱ्यांची जाहिरात होती. मी हसून हसून बेजार झाले. ते मात्र गंभीरपणे म्हणाले, “हसताय काय बाई? आपल्या आज्यांनी हेच केलं. घरातून निघताना ‘जाते’ म्हणाली का कधी आजी? ‘येते’ म्हणाली. बांगडी फुटली तर ‘वाढवली’ म्हणाली. रात्रीच्या वेळी सापाचं नाव घेतलं का तिनं? मी नवीन काय करतोय?” माणूस चक्रम असला तरी चलाख होता.

बरं, हे वहीपुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पण दिवसभर जिभेला जे वळण लावाल ते जेवतानाही सुटत नाही. सोसायटीच्या सत्यनारायणाला कुणाच्या तरी नव्या चपला गेल्या, तर हे माइकवरून सांगतायत, “एक जोडी चपला मालकांना न विचारता फिरायला गेल्या आहेत, त्यांनी परत यावे ही विनंती.” पाण्याचा टँकर आला नाही की जिन्यात उभे राहून, “पाण्याने आज सुट्टी घेतली हो!” त्यावर तळमजल्यावरच्या बायका त्यांना जे काही म्हणायच्या, ते सगळंच्या सगळं डाव्या रकान्यातलं होतं. आणि संपादकांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, आत्याबाईंचा प्रसंग तर बिल्डिंगमध्ये अजून निघतो. आत्याबाई आजारी होत्या, त्या गेल्याचा फोन संपादकांनी घेतला. वहिनी बाजारातून आल्यावर त्यांनी सांगितलं, “आत्या सगळ्या त्रासातून मोकळ्या झाल्या, घरी आणलंय त्यांना.” वहिनी आनंदल्या. गुलाबी साडी नेसल्या, डिंकाच्या लाडवांचा डबा घेतला आणि थेट आगाशीला आत्यांच्या दारात! “डबा कुठे लपवू न कुठे नको असं झालं मला,” वहिनी सांगायच्या, “आणि हे मागून येऊन म्हणतात काय, की मी सूचित केलं होतं!” सांगताना त्या चिडायच्या आणि पदराआड हसायच्याही.

इतकं होऊनही त्यांच्यावर कुणी फार वेळ रागावून राहू शकत नसे. पहाटे दूध आणायला निघाले की मजल्यावरच्या तिन्ही घरांचं दूध आणत. माझ्या ओंकारला सायकल शिकवली ती त्यांनीच. तो पडून गुडघे फोडून आला तेव्हा ‘ओंकारने जमिनीची जवळून पाहणी केली’ असं मला सांगत आले होते. त्यांच्या तोंडून कधी अभद्र शब्द नाही, शिवी नाही, कुणाला मरणाची धमकी तर स्वप्नातही नाही.

त्या वर्षीच्या आषाढात चिंचोटीच्या धबधब्यात एक मुलगा बुडाला. मला वाण्याकडून कळलं होतं. संपादकांनी बातमी लिहिली आणि नेहमीसारखा कागद माझ्या हातात दिला. ‘चिंचोटीला सध्या भरपूर पाणी असून गेल्या रविवारी एका पाहुण्याने तेथेच कायमचा मुक्काम करण्याचे ठरवले. पर्यटकांनी सावधपणे आनंद घ्यावा.’ मी ‘पर्यटकांनी’मधली वेलांटी नीट केली आणि कागद परत दिला. आता तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला काहीच कसं खटकलं नाही? नाही खटकलं. काय घडलंय ते मला आधीच ठाऊक होतं, म्हणून मला ते वाक्य बरोबर वाचता आलं. ज्याला ठाऊक नाही तो काय वाचेल, हा विचार आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नाही. बातमीशेजारी पावसाळी सहलीची जाहिरात लागली, आणि ती बातमी साइटवर सगळ्यांत जास्त वाचली गेली म्हणून संपादकांनी मजल्यावर पेढे वाटले. मीही खाल्ला.

रविवारी सकाळी मी बाजारातून आले. आमचे हे गावी गेले होते, ओंकार घरात नव्हता, आणि फ्रिजवर चिठ्ठी होती. ‘आई, मित्रांबरोबर चिंचोटीला जातोय. काकांच्या साइटवर वाचलं, मस्त पाणी आहे. संध्याकाळपर्यंत येतो.’

भाजीची पिशवी तिथेच टाकली आणि समोरचं दार बडवलं. चिठ्ठी संपादकांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि स्कूटरची किल्ली घेतली. मी ओंकारचा मोबाइल लावत होते, तर तो ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. हायवेवर पाऊस असा की समोरचं दिसेना. मी मागे बसून देवाचं नाव घेत होते, मधेच संपादकांना बोल लावत होते आणि मधेच स्वतःला. “तुमच्या त्या चौकोनापायी माझं पोर जाईल हो!” मी त्यांच्या पाठीमागून ओरडले. त्यांनी नुसती मान हलवली.

चिंचोटी गावातून पुढे रानातली पायवाट लागते, तिथे स्कूटर टाकली. वाटेत मुलांचे घोळके चाललेले. एका घोळक्याला संपादकांनी विचारलं, “कुठे निघालात?” त्यातला एक चष्मेवाला मुलगा उत्साहानं म्हणाला, “धबधब्यावर, काका! नेटवर वाचलं ना, भरपूर पाणी आहे आणि मुक्कामाचीपण सोय आहे. आम्ही चादरीच घेऊन आलोय!” आणि त्यानं खरंच पाठीवरची वळकटी दाखवली.

संपादकांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. वयाची पन्नाशी उलटलेला माणूस, पोट सुटलेलं, पण त्या चिखलातून ते असे पळत सुटले की मला गाठता येईना. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तशीच अनवाणी मागे धावले. पुढे ओढा आडवा आला. पाणी गढूळ, तांबडं, नुसता गडगडाट. आणि पाच-सहा मुलं एकमेकांचे हात धरून, साखळी करून त्यात उतरत होती. त्यातल्या शेवटच्याच्या अंगात ओंकारचा पिवळा रेनकोट होता. माझ्या घशातून आवाजच फुटेना.

आवाज फुटला तो संपादकांचा. “मागं फिरा रे! पानी चढतंय! मराल! बुडून मराल सगळे! मेलाय इथं माणूस, गेल्या रविवारी मेलाय! प्रेत काढलंय इथून, प्रेत!” दोन वर्षं कोंडून ठेवलेले शब्द एकदम सुटले. मरण, मुडदा, पंचनामा, जे तोंडात येईल ते. विरारची सगळी साफसूफ भाषा गळून पडली होती आणि खाडीवरचा माणूस बेंबीच्या देठापासून बोंबलत होता. साखळी थबकली. पिवळा रेनकोट वळला. मग एकेक जण धडपडत मागे आला.

ओंकार काठावर आला तसा मी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की माझाच हात झिणझिणला, आणि मग त्यालाच मिठी मारून मोठमोठ्यानं रडले. तो म्हणाला, “आई, बाकी सगळे ओरडतच असतात गं. पण काका ‘मराल’ म्हणाले! काका! मी तिथेच घाबरलो.” पाव तासानं डोंगरावरचा लोंढा आला आणि ही मुलं ज्या खडकावरून उतरली होती तो खडक दिसेनासा झाला. आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. मला इतकं हलकं वाटत होतं की तिथेच चिखलात बसकण मारली. त्या दिवसानंतर माझी आयुष्याकडे मोठीशी मागणीच उरली नाही.

दुपारपर्यंत संपादक तिथेच उभे होते. येणाऱ्या प्रत्येक घोळक्याला तेच सांगत होते, आवाज बसला तरी सांगत होते. चष्मेवाला वळकटीसकट परत गेला. घरी आल्यावर ओले कपडे न बदलता ते कॉम्प्युटरसमोर बसले, मग उठून पोलीस ठाण्यात फोन केला आणि बुडालेल्या मुलाचं नाव विचारून घेतलं. संध्याकाळी कागद माझ्याकडे आला. ‘चिंचोटीच्या धबधब्यात बुडून तरुणाचा मृत्यू.’ खाली त्याचं पूर्ण नाव, वय एकवीस, आईवडिलांना एकुलता एक. ‘तेथे जाऊ नये. जीव जातो.’ गेला आठवडाभर आम्ही ज्याला पाहुणा म्हणत होतो त्याला नाव होतं, आणि ते माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाचं असावं असं साधं होतं. स्वयंपाकघरातून ओंकार आणखी भात मागत होता. मी त्याला वाढायला उठले आणि भाताचं भांडं हातात घेऊन उगीच उभी राहिले.

जाहिराती गेल्या, हे वेगळं सांगायला नको. चौकोन पांढरा झाला तो बहुतेक दिवस पांढराच राहिला. पण संपादकांनी पुन्हा वही उघडली नाही. चोरीला चोरी म्हणू लागले, आगीला आग. वर्षभरानं साइट बंद झाली तेव्हा शेवटच्या पानावर ‘बंद झाली’ असंच लिहिलं, आणि नवराबायको वसईला भावाच्या वाडीत राहायला गेले. ते गेले त्या दिवशी आमचा मजला भकास वाटला. नंतरचे भाडेकरू चांगले आहेत, व्यवस्थित बोलतात, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.

अजूनही पावसाचा जोर वाढला की त्यांचा फोन येतो. हवापाण्याचं नाही, तब्येतीचं नाही, पहिलाच प्रश्न, “बाई, पोरगा कुठाय?” ओंकारचं लग्न झालं, नोकरीनिमित्त तो लांब दुसऱ्या राज्यात असतो, आणि तिथे पाऊस पडतोय की ऊन, मला काही ठाऊक नसतं. हे संपादकांनाही माहीत आहे. अक्षतांना आले होते. तरी मी म्हणते, “घरातच आहे हो, जेवतोय.” ते म्हणतात, “बरं, बरं,” आणि फोन ठेवतात. मग मी ओंकारला फोन लावते.