यूशिवायचा क्यू

पडदा वर जातो तेव्हा रविवारचे सकाळचे साडेदहा झालेले आहेत. मंडईजवळच्या एका कार्यालयाचा पहिला मजला. खालून मेथीची घासाघीस ऐकू येते आहे. रंगमंचाच्या मधोमध टेबल. त्यावर स्क्रॅबलचा पट, वाळूचं घड्याळ, पाण्याचं भांडं आणि चहा पिऊन ठेवलेली कपबशी. उजवीकडच्या खुर्चीत रंगनाथराव. त्यांचा उजवा हात मांडीवर निजल्यासारखा पडलेला.

एकतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्यात पाइप जोडले. इंग्रजी सातवीपुरतं. निवृत्तीनंतर स्क्रॅबलचा नाद लागला आणि ज्यांत क्यू आहे पण यू नाही अशा शब्दांची त्यांनी वहीच केली. बायको, शकू, कोथिंबीर निवडता निवडता म्हणायची, "नुसतं घोकताय काय? अर्थ सांगा." मग ते सांगत. किंदार म्हणजे अल्बानियातलं नाणं. कोफ म्हणजे हिब्रूतलं अक्षर. फकीह म्हणजे मुसलमानी कायद्याचा जाणकार.

"आपल्या पेठेत नाही कोणी तसा. पुढचा," शकू म्हणायची.

हीच रीत रंगनाथरावांनी रविवारच्या स्क्रॅबल मंडळात नेली. शब्द लावला की एका मिनिटात मराठीत अर्थ द्यायचा, नाहीतर सोंगट्या उचलायच्या. अर्थ पटला का, हे समोरच्या खेळाडूने ठरवायचं. या नियमावर त्यांनी कित्येकांना सोंगट्या उचलायला लावल्या होत्या.

मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका आला. डोक्यात सगळं शाबूत, पण शब्द ओठांशी येऊन परत फिरायचा. गेले तीन रविवार त्यांनी स्वतःच्या सोंगट्या स्वतः उचलल्या होत्या.

समोर श्रीनिवासराव, मंडळाचे चिटणीस, बँकेतून निवृत्त. खेळाआधीच त्यांनी सांगून टाकलं होतं, "आज एक तरी अर्थ आला तर खुर्ची तुमची. नाहीतर पुढच्या रविवारपासून बाकावर बसा. तिथे पंख्याचा वारा बरा लागतो."

बाकावर शकू बसली होती. तिने फक्त पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

रंगनाथरावांची शेवटची खेळी आली, तोवर एकही अर्थ निघाला नव्हता. रंगनाथरावांनी डाव्या हाताने पाच सोंगट्या लावल्या. क्यू, ए, एन, ए, टी. कनात.

"लावलात छान," श्रीनिवासरावांनी घड्याळ उलटं केलं. "अर्थ?"

वाळू पडू लागली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "तंबूची असते ती." रंगनाथरावांनी मान हलवली. ती नव्हे. वहीतलं पान त्यांना दिसत होतं, शाईचा डागसुद्धा दिसत होता. तोंड उघडलं. "ज... ज..." पुढे काही नाही. शकू अर्धवट उठली आणि परत बसली; मदत केली तर अर्थ बाद.

निम्मी वाळू खाली गेली होती.

त्यांनी सोंगट्या ठेवायची लाकडी पट्टी ओढली आणि उरलेल्या सोंगट्या काढून ठेवल्या. तिच्यात लांबलचक खाच असते. कप बशीतून उचलून शेजारी ठेवला, पट्टीचं एक टोक कपावर टेकवलं, दुसरं बशीत उतरवलं. खिशातला रुमाल झटकून वरचं टोक सोडून पट्टीवर पसरला. डाव्या हाताने पाण्याचं भांडं उचललं. भांडं कलताना टेबलावर पाणी सांडलं. पण धार वरच्या टोकाला पडली, रुमालाखाली दिसेनाशी झाली आणि क्षणभराने बशीत उतरली.

शहराबाहेरच्या तलावाचं पाणी पेठेतल्या हौदांत आणणाऱ्या ज्या जुन्या दगडी नळात कंदील घेऊन ते ऐन तारुण्यात वाकून चालले होते, तो त्यांना आठवत होता. त्यांनी कपाकडे बोट केलं. "कात्रज," ते म्हणाले. मग बशीकडे. "हौद."

वाळू संपली.

श्रीनिवासराव बशीत बघत राहिले. त्यांचं बालपण त्याच हौदाच्या पाण्यावर गेलं होतं.

"नियमात 'सांगा' असं आहे," ते शेवटी म्हणाले. "'दाखवा' असं नाही."

शकूने पिशवी घट्ट धरली.

"पण दोन शब्द सांगितलेत. मला पुरले. जमिनीखालून उताराने पाणी आणणारा नळ." त्यांनी सांडलेल्या पाण्याने भिजलेल्या गुणांच्या कागदावर गुण मांडले.

रंगनाथरावांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "दया?"

"दया दाखवायची असती तर कागद कोरडा असताना दाखवली असती. आता माझी खेळी."

श्रीनिवासरावांनी बराच वेळ घेऊन चार सोंगट्या लावल्या आणि घाईघाईने गुण मोजायला घेतले. रंगनाथरावांनी डाव्या हाताने घड्याळ उलटं केलं, पटाच्या मधोमध ठेवलं आणि कुठेही न अडखळता म्हणाले, "अर्थ सांगा, श्रीनिवासराव."