भिंत गार झाल्यावरच टोमॅटो

लग्न होऊन आल्यावर चौथ्याच दिवशी धाकट्या जावेनं आईला फोन केला होता. घरातले सगळे बरे आहेत, फक्त थोरली जाऊ लोकांचं चोरून ऐकते. आता ही गोष्ट निघाली की तिला हसून हसून ठसका लागतो. पण तेव्हा तिची तरी काय चूक? भल्या पहाटे कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तर साठीची बाई गच्चीला खेटून उभ्या असलेल्या शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीला गाल लावून, डोळे मिटून उभी. भिंतीला कान असतात हे धाकटीला माहीत होतं. भिंतीला कान लावणारी बाई मात्र तिनं पहिल्यांदाच पाहिली.

थोरलीनं डोळे उघडले, "अजून कोमट आहे," एवढंच म्हणाली आणि गुडघा सांभाळत जिना उतरली. धाकटीची पुरती गाळण उडाली.

खरी हकिगत हळूहळू कळली. थोरलीनं एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत इस्त्री केलेली. तापलेली इस्त्री गालापासून वीतभर अंतरावर आणली की ती सांगायची, आता चादरी घ्या, आता डॉक्टरांचे कोट. एवढ्या वर्षांत एकच कोट जळाला, आणि तोही म्हणे डॉक्टर मध्येच गप्पा मारायला आले म्हणून. रिटायर झाल्यावर तिनं गच्चीचा एक कोपरा धरला आणि तोच गाल टोमॅटोच्या कामाला लावला.

तिचं म्हणणं असं, की आपल्याकडे टोमॅटोचं थंडीशी वाकडं नाही, गरम रात्रींशी आहे. दिवसा ऊन झाड सोसतं. पण रात्रही तापलेली राहिली की फुलं येतात आणि फळ न धरता गळून पडतात. ही भिंत मावळतीचं ऊन पोटभर खाते. पहाटेपर्यंत ती कोमट असली तर रात्र उकाड्याची गेली. लागोपाठ तीन पहाटे गालाला गार लागली की रोपं बाहेर लावायची, त्याआधी नाही.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिला गच्ची चढता आली नाही. नवऱ्यानं बियांच्या पाकिटावरचा महिना बघून रोपं लावून टाकली. झाडं छातीएवढी झाली आणि टोमॅटो एक नाही. बिल्डिंगच्या सेक्रेटरींना आयतंच मिळालं. गच्चीखालचं घर त्यांचं, कुंड्यांनी छताला ओल येते ही तक्रार जुनीच. यंदा ते घरी येऊन सांगून गेले, की या हंगामात टोमॅटो दिसले तर कोपरा तुमचा, नाहीतर कुंड्या खाली.

ते गेल्यावर थोरलीनं धुतलेलीच कपबशी पुन्हा धुतली. धाकटीनं ते पाहिलं. कोपरा गेला तर ही बाई दिवसभर करणार काय? माझ्या इस्त्रीच्या घड्या मोडत बसेल.

स्वयंपाकघराच्या खिडकीत, आइस्क्रीमच्या रिकाम्या कपांत चोवीस रोपं माना ताणून उभी होती. भिंत काही गार होईना. धाकटीला धीर धरवेना. एका दुपारी थोरली डुलकी काढत असताना तिनं सहा रोपं नेऊन टाकीमागच्या कुंड्यांत लावली. तेवढीच लवकर फळतील आणि सेक्रेटरींचं तोंड बंद होईल, असा हिशेब.

पुढे तीन आठवड्यांनी त्यांना पिवळी फुलं आली. रोज सकाळी ती मातीत पडलेली दिसायची. शेवटी तिनं रडवेल्या तोंडानं कबुली दिली.

"माहितीये," थोरली म्हणाली. "चोवीसची अठरा झाली तेव्हाच कळलं. एकतीस वर्षं चादरी मोजल्यात मी."

"मग बोलला का नाहीत, ताई?"

"बोलून शिकली असतीस? अगं, फुलं गळली म्हणजे झाड मेलं नाही. त्याला पाणी घालत राहा. दुसरी येतील."

त्याच आठवड्यात तीन पहाटे भिंत गार लागली. चौथ्या दिवशी उन्हं उतरल्यावर दोघींनी अठरा रोपं लावली. खालची पानं खुडून, लांबलेली खोडं निम्म्यापर्यंत मातीत गाडून. वरून चार दिवस जुनी चादर, अर्थातच कडक इस्त्रीची.

अडीच महिन्यांनी सेक्रेटरी पाहणीला आले, तेही सकाळी सकाळी, ऊन यायच्या आत. झाडं लाल लाल फळांनी वाकली होती. टाकीमागची सहासुद्धा. कोपरा तुमचा, असं त्यांना म्हणावंच लागलं. पण जाता जाता राहवेना. म्हणाले, ते भिंतीचं सगळं थोतांड आहे, भिंत ती भिंत, गालाला काय कळतंय.

थोरलीनं त्यांना आधी जिन्याच्या खोलीची कायम सावलीतली भिंत दाखवली, मग ही मावळतीचं ऊन खाणारी, आणि म्हणाली, "लावून तर बघा."

सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहून त्या भिंतीला गाल लावला, मग या. पुन्हा त्या, पुन्हा या. तेवढ्यात त्यांची बायको त्यांना शोधत वर आली आणि दारातच थबकली.

"अहो, कुणाचं ऐकताय?"

"ऐकत नाहीये," सेक्रेटरी भिंतीला चिकटूनच पुटपुटले, "ही जरा कमी गार आहे."

"जरा," थोरली म्हणाली, आणि त्यांच्या बायकोच्या ओंजळीत चार टोमॅटो ठेवले.